फिकट दिसलेला वाघुली गालिचा

“याला वाघुली गालिचा म्हणायचं?” धुरंधर राजानं सिंहासनावरूनच खाली बोट दाखवलं. “मी डाळिंबासारखा लाल मागितला होता. हा तर उन्हात विटल्यासारखा दिसतोय.”

वाघुली गावच्या ठमा साळणीनं दोन वर्षं खपून तो विणला होता. वाघुलीच्या नावावर गालिचे खपत आणि त्याच नावावर गावातल्या चुली पेटत. सकाळी राजानं स्वतः उभं राहून, नोकरांवर खेकसत, तो दरबारभर अंथरून घेतला होता. वर चारी कडांना खिळेही ठोकून घेतले होते.

“रंग पक्का आहे, महाराज,” ठमा म्हणाली.

“म्हणजे माझे डोळे कच्चे?” राजा हट्टाला पेटला. “ऐक. या सिंहासनावर बसून मला हा गालिचा डाळिंबासारखा दिसला पाहिजे. रंगाचा थेंब घालायचा नाही, नवा धागा ओवायचा नाही, एक खिळासुद्धा उपसायचा नाही. उद्यापर्यंत जमलं नाही, तर वाघुलीचं नाव यापुढं कुठल्याही गालिच्याला लागणार नाही!”

नाव गेलं तर गावानं खायचं काय? ठमानं वाकून गालिच्यावरून हात फिरवला, आणि तिला हसू आवरेना.

“उद्या कशाला, महाराज? आत्ताच करते. आपण फक्त त्या समोरच्या दारापर्यंत चालत जायचं आणि वळून बघायचं.”

राजा कुरकुरत गेला. वळला, आणि बघतच राहिला. गालिचा डाळिंबाच्या दाण्यांसारखा लालभडक दिसत होता.

“हे काय चेटूक केलंस?”

“चेटूक कसलं? म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून बघा, केस एका अंगाला झुकलेले असतात. लोकरीचंही तसंच. टोकं आपल्याकडे असली की रंग गडद, पलीकडे असली की फिकट. अंथरणाऱ्यानं गालिचा उलट्या दिशेनं अंथरलाय.”

“कोण तो गाढव?” राजा गरजला. प्रधानजी छताकडे बघू लागले. मग राजालाच सकाळ आठवली आणि तो जरा खाकरला.

“बरं, बरं. पण माझं सिंहासन तर पलीकडच्या टोकाला आहे. आणि खिळे काढायचे नाहीत, हा माझा हुकूम आहे. तो मी मागे घेणार नाही.”

“घेऊच नका,” ठमा म्हणाली. “खिळे गालिच्याला ठोकलेत, महाराज. सिंहासनाला नाही.”

राजा पोट धरधरून हसला. आठ भोयांनी सिंहासन उचलून दाराच्या टोकाला मांडलं. त्यावर बसून राजानं हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि ठमाला दिलं. वर हुकूम सोडला, की राजवाड्यातल्या प्रत्येक दालनात यापुढं वाघुली गालिचाच पडेल आणि तो ठमाबाईच अंथरतील.