जिथे वास्तू ऐकत नाही

नदीकाठच्या निवाऱ्यात त्या दुपारी काय बोलणे झाले, ते ही कथा सांगणाऱ्याने ऐकलेले नाही. पुढे जे घडले तेही पाहिलेले नाही. जे सांगायचे आहे ते एका शिष्येच्या तोंडून आलेले आहे. आणि ते सांगताना तिने स्वतःला कोठेही सोडवून घेतलेले नाही, एवढ्याच कारणाने ते विश्वासार्ह मानले आहे.

यंत्रमागांच्या एका गावात एकदा एक वृद्ध गृहस्थ राहत असत. कामगारांच्या पतसंस्थेत उभे आयुष्य घालवून ते निवृत्त झाले होते. लोक त्यांना तात्या म्हणत. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या कुटुंबांना ते संसाराची घडी बसवून देत, आणि त्याबद्दल काही घेत नसत. त्यांच्या सांगण्यात अद्भुत असे काही नसे. शिल्लक बाजारात जाण्यापूर्वी बाजूला काढावी. बाजारातून परतल्यावर उरते ती शिल्लक नव्हे, तो योगायोग. दिवाळीचा बोनस आजारपणासाठी आलेला आहे असे समजावे. वाण्याकडे उधारी सुरू करण्यापेक्षा एक वेळची भाजी सोडावी. हे सारे ते लोकांच्या ओसरीवर बसून सांगत. मात्र अखेरचे बोलणे ते गावाबाहेर, स्मशानातल्या पत्र्याच्या निवाऱ्यात करीत, आणि तेथे नवरा-बायको दोघांनी यावे अशी त्यांची अट असे.

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्याच पतसंस्थेत नोकरीला लागलेली एक तरुणी त्यांच्याकडे शिकायला येऊ लागली. तात्यांच्या सल्ल्याने चाललेली घरे संकटात कोसळत नाहीत, हे तिने संस्थेत पाहिले होते आणि त्याचे कारण तिला हवे होते. स्मशानाचा प्रकार मात्र तिला विक्षिप्त वाटे.

"आकडे घरात मांडले काय आणि तिथे मांडले काय, तात्या," ती एकदा म्हणाली, "बेरीज तीच येते."

"बेरीज तीच येते," तात्या म्हणाले. "तू घरात मांडून पाहा."

तिने मुरलीधर मकोटे याचे घर निवडले. मुरलीधर मागावर काम करणारा, निर्व्यसनी आणि थट्टेखोर माणूस होता. घरात त्याची बायको नलिनी, शाळेत जाणारी मुलगी आणि आई. आईला सारी गल्ली आक्का म्हणे. नवरा अकाली गेल्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरून आक्काने या एकुलत्या मुलाला वाढवले होते.

पहिला तासभर सगळे सुरळीत झाले. जमा, खर्च, दुचाकीचे हप्ते, मुलीची शिकवणी, कशातही लपवाछपवी नव्हती. मुरलीधरने लग्नापूर्वीच स्वतःचा विमा उतरवला होता, हे ऐकून शिष्येला समाधान वाटले.

"वारस म्हणून नाव कोणाचं लावलंय?" तिने विचारले.

"आईचं. तेव्हा दुसरं होतंच कोण? नलिनी तेव्हा तिच्या बापाच्या घरी शेंगा फोडत बसली होती."

"ते आता बदलायला हवं. उद्या तुम्ही नसलात, तर—"

"बाई." भिंतीला टेकून बसलेली आक्का सरळ झाली. "दिवेलागण झालीया. वास्तू तथास्तु म्हणती."

"आक्का, तसं काही नसतं हो."

"तुझ्या घरात नसंल."

नलिनी उठून चहा ठेवायला आत गेली. "आईचा माझ्यापेक्षा वास्तूवर भरवसा जास्त," मुरलीधर म्हणाला. पण कोणी हसले नाही. शिष्येच्या तेव्हा ध्यानात आले, की तिच्या एकाच वाक्यात मुलाचे मरण होते आणि आईचे नाव खोडणेही होते. तिने विषय मिटवला. बाकी सर्व प्रश्नांची उत्तरे तर मिळाली होती.

"आणि शेवटचा?" दुसऱ्या दिवशी तात्यांनी विचारले.

"तो राहिला. निव्वळ अंधश्रद्धा आहे. कोणीतरी त्यांना एकदा नीट समजावून सांगायला हवं."

"सांग. मी पुष्कळ वर्षं सांगितलं. माणसं माझ्यासमोर मान डोलवत आणि घरी जाऊन गप्प बसत." तात्या म्हणाले. "घर ऐकतं की नाही, या वादात मी आता पडत नाही. वाद मी जिंकलो, तरी त्यांची भीती माझ्या बाजूला येत नाही. आक्काचं म्हणणं एवढंच आहे ना, की घरात बोलू नये? मग घरात नको. त्या निवाऱ्याला उंबरा नाही, देव्हारा नाही. तिथे तथास्तु म्हणायला कोणी नाही. आणि जे बोललं तर घडेल असं वाटतं, ते तिथे कोणी न बोलताही रोज घडत असतं. समोर चिता जळत असताना 'मला काय होतंय' असं म्हणायला भल्याभल्यांची जीभ अडखळते. मला तेवढं अडखळणं पुरतं."

शिष्येला हे पटले असे नाही. पण तिने निरोप पोहोचवला.

आक्काने साफ नकार दिला. "सवाष्ण बाईला मसणात बोलावत्यात, हे कुठल्या शाळंत शिकलासा? मी तर येतच न्हाई. माझा जायचा दिस येईल तवा चौघं उचलून नेतील." तरीही सुट्टीच्या दिवशी मुरलीधर आणि नलिनी आले. नलिनीने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता. निवाऱ्यापलीकडच्या ओट्यावर सकाळची राख अजून धुमसत होती.

तात्यांनी प्रस्तावना केली नाही. "मुली," ते नलिनीला म्हणाले, "हा उद्या नसेल, तर परवापासून घर कशावर चालेल?"

"तिला काय ठाऊक, तात्या," मुरलीधर म्हणाला. "व्यवहार सगळा मीच बघतो."

"तुम्हाला विचारलेलं नाही. त्या दिवशी तुम्ही उत्तर द्यायला नसाल."

शिष्येला वाटले, ही बाई आता रडेल. नलिनी राखेकडे पाहत बोलू लागली.

"गाडी विकायची. हप्ता थांबतो, पेट्रोल थांबतं. पोरीची शिकवणी बंद करायची, शाळा नाही. पुढची खोली भाड्यानं द्यायची, आम्ही तिघी मागच्या खोलीत मावतो. आक्कांच्या ओळखीनं कांड्यांचं काम धरायचं. तेल निम्म्यावर आणायचं. विम्याचं आलं, तर पोरगी दहावी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

मुरलीधर तिच्याकडे पाहतच राहिला. "म्हणजे माझं सगळं उरकूनच ठेवलंयस की."

"पाळीवरनं यायला उशीर झाला की उरकते," नलिनी म्हणाली. "तुम्ही आलात की पुन्हा मांडते."

शिष्येने पुढे सांगितले, की आपण घरात जो प्रश्न टाळला, तो या बाईला नवा नव्हता, हे त्या क्षणी तिला कळले. घर त्या प्रश्नापासून वाचवत होते ते एकट्या मुरलीधरला. नलिनी त्या प्रश्नापाशी रोज एकटीच बसत होती.

"विम्याचं आलं तर," तात्यांनी तेवढेच शब्द उचलले. "तो 'तर' तुमच्या हातात आहे, मुरलीधर. आज ते पैसे हिच्याकडे येत नाहीत."

"उद्याच जातो," मुरलीधर म्हणाला, मग घुटमळला. "पण आईच्या माघारी तिचं नाव खोडणं मला जमायचं नाही, तात्या. तिची बोटं बघितलीत का तुम्ही? सुतानं कापलेली आहेत."

"खोडायला सांगितलं कोणी? दोन नावं लिहिता येतात. तिचा हिस्सा लिहा, हिचा लिहा. आणि आईला सांगायचं ते घराबाहेर नेऊन सांगा."

मुरलीधरचा चेहरा मोकळा झाला. परतताना त्याने बायकोला विचारले, "तेल निम्म्यावर म्हणजे वड्या बंद का?" ती म्हणाली, "तुमच्या बंद. आमच्या कशाला?" ही दोघे हसत हसत स्मशानातून बाहेर पडली, हे शिष्येने मुद्दाम सांगितले आहे.

त्याने आईला चौकातल्या पारावर नेऊन सांगितले. आक्काने सगळे ऐकून घेतले, आणि जिच्याकडून कोणी अपेक्षा केली नव्हती ती आक्का म्हणाली, "लिही तिचं नाव. पोरीला लागंल." मग तिने एक छोटीशी मागणी केली. पितृपंधरवडा चालू होता. गेलेल्यांचे दिवस सरू देत, घट बसले की लिही. या दिवसांत असले नवे काम काढू नये.

मुरलीधर हे विचारायला पतसंस्थेत आला, तेव्हा तात्याही तेथे बसलेले होते. शिष्या पितृपक्ष पाळणारी नव्हती. परंतु आक्का इतकी वाकली आहे, तर थोड्या दिवसांसाठी कशाला ताणायचे, असे तिला वाटले. "हरकत नाही," ती म्हणाली. "घटस्थापना झाली की मी स्वतः तुमच्याबरोबर येते." तात्यांनी ऐकले. ते काही बोलले नाहीत.

पंधरवडा संपायच्या आत मुरलीधर कारखान्यात, चालू मागाशेजारी कोसळला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सर्व आटोपले होते.

शिष्या भेटायला गेली तेव्हा आक्काने तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. "तिथं जाऊन बोलला," ती म्हणाली. "आता झालं तुमच्या मनासारखं." नलिनी मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने कोणाचीच बाजू घेतली नाही.

शिष्या तेथून सरळ तात्यांकडे गेली. "आक्का म्हणते, बोललो म्हणून तो गेला. तिला काय सांगायचं?"

"त्या निवाऱ्यात मी ज्यांच्याशी बोललो, त्यांतले बहुतेक आज सकाळीही पाळीवर गेले," तात्या म्हणाले. "बोलले म्हणून जगले, असं त्यांच्याकडे बोट दाखवून कोणी म्हणत नाही. पण हे आज तिला सांगू नकोस."

"मग चूक कुठे झाली?"

"तू पितृपक्ष पाळतेस?"

"नाही."

"मग त्याला थांबायला का सांगितलंस?"

ती म्हणाली, "आक्काला थोडे दिवस द्यावेत असं वाटलं."

"ते दिवस तुझे नव्हते द्यायला. आक्काचेही नव्हते. ते मुरलीधरचे होते, आणि किती होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. विश्वास ठेवणारा माणूस थांबतो, हे मला समजतं. आपण विश्वास न ठेवता थांबलो, सभ्यपणापोटी. त्या सभ्यपणाची किंमत आपल्याला पडली नाही. ती नलिनीला पडली."

"तुम्हीही तिथे होतात, तात्या."

"होतो," वृद्ध म्हणाले. "मलाही समजूतदार दिसायचं होतं. माणसांना घराबाहेर काढायला मी शिकलो, पंचांगाबाहेर काढायला शिकलो नाही."

ते शांतपणे बोलले. त्यानंतर तात्यांनी कोणालाही निवाऱ्यात नेले नाही. लोकांना घेऊन तेथे शिष्या जाऊ लागली.

नलिनीने निवाऱ्यात सांगितले होते तसेच सर्व केले. गाडी विकली. पुढची खोली भाड्याने दिली. शिकवणी बंद केली, शाळा नाही. कांड्यांच्या यंत्रावर सूत कसे धरावे, हे तिला आक्कानेच शेजारी बसून शिकवले. त्या घरात भांडण नव्हते, आणि म्हणूनच विम्याच्या प्रश्नावर उपायही निघत नव्हता. वकील म्हणाले, दावा लावून पाहता येईल. सासूवर दावा लावायचा, या कल्पनेनेच नलिनी उठून आली.

विम्याचे पैसे आक्काच्या नावे आले. तिने त्यांतले काही खर्चले नाही आणि कोणाला दिलेही नाही. "मुरलीचं हाय ते," एवढेच ती म्हणे. काही काळाने ते पतसंस्थेत ठेवायला ती आली. बरोबर नलिनी होती. शिष्येने आपली खुर्ची सोडली आणि दोघींना इमारतीबाहेर, रस्त्याकडेच्या झाडाखाली नेले.

"आक्का, या ठेवीला वारस म्हणून कोणाचं नाव लिहू?"

आक्काने नलिनीकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता.

"वर्षश्राद्ध होऊ दे," ती म्हणाली. "मग बघू."

"आज, आक्का," शिष्या म्हणाली. "आज नाव सांगा."

या वेळी ती सभ्य राहिली नाही. दोनदा, तीनदा तिने तोच प्रश्न विचारला. रस्त्यावरची माणसे वळून पाहू लागली, तरी विचारला. आक्का ऐकून घेत राहिली. शेवटी तिने नलिनीचा हात धरला आणि दोघी कांड्यांच्या कामाला निघून गेल्या.

पुढे ठेव आक्काच्या एकटीच्या नावावर झाली. तिचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे, आणि हिवाळ्यात तिला दम लागतो. मुरलीधरचे वर्षश्राद्ध होऊन गेले. ठेवीला वारसाचे नाव अजून लागलेले नाही.