म्हाळूची भिंत, गेनूचे दगड

एका मोठ्या नदीच्या दोन काठांवर दोन पाथरवट राहत होते. डाव्या काठावर गेनू, उजव्या काठावर म्हाळू. दोघांच्या हातात सारखीच कला होती, पण गेनूला ते मान्य नव्हतं. म्हाळूचं कुणी कौतुक केलं की याच्या घशाखाली भाकरी उतरत नसे.

पुढे त्या नदीवर धरण बांधायचं ठरलं. पाणी उंच साठवायचं, नळातून खाली सोडून चाक फिरवायचं आणि गावोगाव विजेचे दिवे लावायचे. थोरल्या मिस्त्रींनी अर्धी भिंत गेनूकडे दिली, अर्धी म्हाळूकडे. ज्याचं काम सरस, त्यानं पहिल्या दिव्याची कळ दाबायची, असं सांगून ते चाक आणायला दूर शहरात निघून गेले.

झालं! गेनूला ती कळ स्वप्नातही दिसू लागली, आणि तिच्यावर बोट मात्र म्हाळूचं.

दगडाची खाण गेनूच्या काठावर होती. म्हाळूचे दगड तराफ्यावरून पलीकडे जात. गेनूनं आधी चांगले दगड स्वतःकडे ठेवून म्हाळूला फुटके पाठवले. मग तराफा दुरुस्तीला काढला, आणि ती दुरुस्ती काही संपेना. स्वतःच्या प्रत्येक दगडावर मात्र तो एक मासा कोरत होता. आपलं श्रेय चुकूनही दुसऱ्याला जायला नको ना!

एक दिवस म्हाळू होडीतून आला. "गेनूदादा, पावसाच्या आत माझी भिंत वर आली नाही तर पाणी अडायचं कसं?"

"ज्याचं त्यानं बघावं," गेनू म्हणाला.

पावसाळ्यापर्यंत गेनूची भिंत म्हाळूच्या भिंतीपेक्षा दहा हात उंच झाली. गेनू तिच्यावर उभा राहून पलीकडे बघायचा आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचा.

मिस्त्री परतले, चाक बसलं, नदी फुगली. दोन्ही काठांवर माणसं जमली. गेनू नवं पागोटं बांधून कळीपाशी उभा राहिला. नळाचं तोंड त्याच्याच भिंतीत होतं. पाणी चढत चढत त्या तोंडाच्या हातभर खालपर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. पलीकडे म्हाळूच्या ठेंगण्या भिंतीवरून ते निवांत वाहून जात होतं.

म्हाळूची भिंत आणखी थोडी उंच असती तर, असं गेनूला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

चाक हललं नाही. माणसं घरी गेली. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी गेनूच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूनं रेघ ओढली.

"गेनू, तुझी भिंत इथवर," ते म्हणाले. "वरची नुसती हौस."

गेनूनं मान खाली घातली. पुढचं वर्षभर त्यानं आपल्या भिंतीचे वरचे पाच हात स्वतः उतरवले आणि तराफ्यावरून पलीकडे पोचवले. म्हाळूनं ते दगड आपल्या भिंतीवर रचले.

दुसऱ्या पावसाळ्यात नळात पाणी शिरलं, चाक फिरलं. मिस्त्रींनी कळ दाबायला म्हाळूला बोलावलं. गेनूच्या पोटात दुखलंच. जुनं दुखणं एका वर्षात जात नाही.

दिवा लागला. त्याच्या उजेडात म्हाळूच्या भिंतीवर, पाण्याच्या जरा वर, एक कोरलेला मासा दिसत होता. गेनू त्याच्याकडे बघत राहिला. ही भिंत टिकू दे, असं तो मनातल्या मनात म्हणत होता.

तात्पर्य एवढंच: शेजाऱ्याची भिंत ठेंगणी ठेवून आपलं धरण उंच होत नाही.