टाकीखालचा जुना कॉक

डोंगरांत अजून बोगदे नव्हते आणि कोकणात उतरायला घाटच होता, तेव्हाची गोष्ट. लांबचे प्रवास करून दमलेल्या आपल्या मोटारसायकलला बाबालाल मिस्त्रीनं दुप्पट ताकदीचं नवं इंजिन बसवलं. सपाटीवर ते ऐटीत पळालं, पण घाटाच्या चढावर मध्येच धापा टाकत बंद पडलं.

“हा खटारा माझ्या लायकीचा नाही!” ते गुरगुरलं.

मिस्त्रीनं प्लग पाहिला, कार्ब्युरेटर उघडला. सगळं ठीक होतं. शेवटी त्यानं टाकीखालची नळी काढली. पेट्रोलच्या कॉकमधून सुतासारखी बारीक धार येत होती.

“एवढंच सोडतोस?” इंजिन ओरडलं.

“जुन्या इंजिनाला एवढंच लागायचं,” कॉक म्हणाला. “वीस वर्षं पाजलं मी त्याला. ते गेलं, हे मला कुणी सांगितलंच नाही.”

“चुकलंच माझं,” मिस्त्री पुटपुटला. त्यानं गोल कानशीनं कॉकचं भोक मोठं केलं आणि गाडी एका दमात माथ्यावर पोचली.

उतार लागताच पेट्रोल वाचवायला त्यानं इंजिन बंद केलं. तेव्हा इंजिन कॉकला हळूच म्हणालं, “ते जुनं इंजिन कसं होतं, सांग ना.”

पायथा येईपर्यंत कॉक सांगत राहिला.