अळणी व्रताचा सत्त्याण्णवावा दिवस

“आणि त्या बाटलीत काय आहे?” विश्वंभरनं विचारलं.

इंदुमती सिस्टर मठाच्या पडवीत खुंटीला सलाईन अडकवत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

“मीठ आणि पाणी.”

“मग ती काढा.”

सिस्टरांनी बाटली नीट बसली का ते हलवून पाहिलं. काढली नाही.

बालाघाटाच्या उतारावर रेवणबुवांचा हा मठ आहे. ग्रामसेवकाची नोकरी सोडून विश्वंभर सहा वर्षांपूर्वी इथं आला. यंदाच्या चातुर्मासात त्यानं अळणी व्रत धरलं. चार महिने मिठाचा कण जिभेला लावायचा नाही. दिवसातून एकदा अळणी भाकरी आणि उकडलेला भोपळा. शिवाय शरीर आतून धुऊन निघावं म्हणून दिवसभरात दहा तांबे पाणी. हे पाण्याचं त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

आज सत्त्याण्णवावा दिवस होता. ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. मठाच्या आवारभिंतीला दगड वाहायचं काम त्यानं व्रतातही सोडलं नव्हतं. घामानं सदरा दोनदा पिळावा लागे.

सकाळी त्यानं तुळशीला घालायचं पाणी तेवत्या समईत ओतलं. मग उंबऱ्यावर बसला, तो उठेचना. लोकांनी उचलून त्याला पडवीत घोंगडीवर आणून बसवलं.

मठाचे विश्वस्त माणिकराव यांना त्यात समाधीची खूण दिसली. उपकेंद्राच्या सिस्टरांना तशी काही दिसली नाही. आदल्या दिवशी त्याच्या पोटऱ्यांत आलेले गोळे पाहून त्यांनी त्याचं रक्त तपासायला पाठवलं होतं. त्याचा आकडा आत्ताच फोनवर आला होता.

“सोडियम एकशे सोळा,” त्या म्हणाल्या. “एकशे पस्तीसच्या खाली असू नये.”

विश्वंभर हसला. त्याची जीभ जड झाली होती, पण हसू स्वच्छ होतं.

“म्हणजे एकोणीसनं उतरवलं. माणिकराव, लिहून ठेवा.”

माणिकरावांनी खरोखर खिशातलं पेन काढलं.

“लिहा,” सिस्टर म्हणाल्या. “खाली डॉक्टरांच्या सहीची जागा सोडा. मृत्यूच्या दाखल्यावर लागते.”

पेन परत खिशात गेलं.

पडवीत गावातली पंधरावीस माणसं बसली होती.

“हे बघ,” सिस्टर त्याच्यापाशी खाली बसल्या. “घामातून तुझं मीठ गेलं. खाण्यातून आलं नाही. वरून तू पाणी ओतत राहिलास. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूत शिरतं. मेंदू फुगतो. कवटी फुगत नाही. आज समईत पाणी ओतलंस. यापुढं झटके येतात. त्यातून माणूस उठेलच असं नाही.”

“तेवीस दिवस राहिलेत.”

“तेवीस तास धड जातील का ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, सलाईन आत्ता लाव, गाडी निघाली आहे.”

“मी गाडीत बसणार नाही. दवाखान्यात तरी दुसरं काय देणार? हेच ना?”

“हेच.”

“जिभेवाटे गेलं काय आणि शिरेतून गेलं काय. मीठ ते मीठ.”

“तुझं शरीर मिठावर चालतं, विश्वंभर.”

“असं शरीराला वाटतं.”

माणिकरावांनी मान डोलावली. “सिस्टर, तुमचं शिक्षण वेगळं, हे शास्त्र वेगळं. बुवांनी अकरा वर्षं मीठ घेतलेलं नाही. त्यांना काय झालंय?”

सिस्टर काही बोलणार होत्या. त्यांनी गाभाऱ्याच्या दाराकडं पाहिलं.

रेवणबुवा येत होते.

गाभाऱ्यापासून पडवी वीस पावलांवर आहे. बुवा मध्ये दोनदा थांबले. ते असे थांबले की लोक हात जोडत, कारण बुवा चालता चालता जपात उतरतात असं सगळ्यांना माहीत होतं. ते गावात जेवायला येणार म्हटलं की घरोघरी बिनमिठाच्या भाजीचं वेगळं भांडं चुलीवर चढे. ज्या घरचं भांडं बुवांना आवडलं, त्या घरची बाई महिनाभर ते सांगत फिरे. पाणी तर ते वाटीनं मोजून घेत. त्याचंही कौतुक होतं.

बुवा विश्वंभरसमोर येऊन उभे राहिले.

“सुई लावून घे.”

“आज्ञा आहे?”

“आहे.”

“मग मोडतो,” विश्वंभर म्हणाला. “तुमची आज्ञा. व्रत नाही मोडणार. बुवा, तुमचं पाहूनच धरलं मी हे. तुम्ही अकरा वर्षं पाळलंत. मला चार महिनेही पाळू देणार नाही? मी तुमच्या पुढं जाईन अशी भीती वाटते तुम्हाला?”

मठात असं कोणी बोलत नसे.

बुवांनी खुंटीवरच्या बाटलीकडं पाहिलं.

मग सिस्टरांना म्हणाले, “तुम्ही सांगा.”

“मी नाही सांगणार. अकरा वर्षं तुम्ही सांगू दिलं नाहीत. आता तुमचं तुम्ही सांगा.”

बुवा पुन्हा गाभाऱ्याकडं वळले. वीस पावलं गेले, वीस पावलं आले. या खेपेला कोणी हात जोडले नाहीत. सगळे फक्त पाहत होते, म्हणून सगळ्यांना धाप ऐकू आली.

त्यांच्या हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. त्यांनी तो विश्वंभरच्या मांडीवर उपडा केला.

गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग पडला. काही अर्धी, काही रिकामी. वर घडी पडून मऊ झालेला एक कागद.

“वाच.”

विश्वंभरची नजर अक्षरांवर ठरेना. कागद सिस्टरांनी घेतला. मोठ्यानं वाचला.

“हृदय मोठं झालेलं आहे. पंप करण्याची ताकद कमी. मीठ पूर्ण बंद. पाणी दिवसाला एक लिटरच्या आत. पायावर सूज आल्यास लघवीची गोळी वाढवणे.” त्यांनी तारीख वाचली. अकरा वर्षांपूर्वीची.

बुवांनी धोतराचा काठ वर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला, तरी खळगा तसाच राहिला. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं तोंडावर पदर घेतला.

“माझ्या अंगात मीठ गेलं की पाणी साचतं,” बुवा म्हणाले. “मी बुडतो. तुझ्या अंगात मीठ नाही, म्हणून तू बुडतोयस.”

“तुम्ही… खोटं बोललात?”

“बोललो नाही. पहिल्या वर्षी कोणीतरी म्हणालं, बुवांनी मीठ सोडलं. मी ऐकलं. गप्प बसलो. गोड लागलं.”

“आणि मी व्रत धरलं तेव्हा?”

“तेव्हा अजून गोड लागलं.”

मागं कोणीतरी उठलं, चपला पायात सरकवून निघून गेलं. मग आणखी एक जण, मग एकेक करत बरेच. माणिकराव जमिनीकडं पाहत होते.

विश्वंभरनं डोळे मिटले. त्याचा डावा हात आपोआप थरथरला. सिस्टरांनी तो धरला, नाडी पाहिली, आणि बुवांकडं पाहून नुसती मान हलवली. वेळ नव्हता.

विश्वंभरनं डोळे उघडले. सगळ्यांना वाटलं, आता ऐकेल.

“मग या मठात खरं व्रत माझ्या एकट्याचंच झालं,” तो म्हणाला. “तुमचं डॉक्टरनं लावलेलं. माझं मी धरलेलं.”

“बरोबर,” बुवा म्हणाले.

“म्हणजे मी तुमच्या पुढं गेलो.”

“गेलास.”

बुवांनी भिंतीचा आधार घेतला, एक गुडघा टेकला, मग दुसरा. त्या सुजलेल्या पायांवर हे सोपं नव्हतं. त्यांनी विश्वंभरच्या पायांवर डोकं ठेवलं.

माणिकराव पुढं धावले. बुवांनी हातानंच त्यांना थांबवलं.

“बुवा, उठा,” विश्वंभर म्हणाला. “हे काय करताय?”

“बुवा आता तुम्ही. मी विचारायला आलोय.”

“उठा आधी.”

“उत्तर घेतल्याशिवाय उठत नाही. मठाची रीत आहे, तुम्हाला ठाऊक आहे.” बुवा डोकं खाली ठेवूनच बोलत होते. आवाज दबका येत होता. “महाराज, माझा एक शिष्य आहे. गुणी आहे. कामाला वाघ. माझ्या दुखण्याला तो तप समजला. मी त्याला समजू दिलं, कारण मला मोठं व्हायचं होतं. आता तो त्यापायी मरायला निघालाय. त्याचा हट्ट माझ्याच घडणीचा, तेव्हा तो माझं ऐकत नाही. मी काय करू?”

रस्त्यावर लांब गाडीचा भोंगा ऐकू आला…

विश्वंभर त्या पांढऱ्या डोक्याकडं पाहत राहिला. ओठ हलले. व्रताच्या सुरुवातीला त्याला शंभर उत्तरं सुचली असती.

“त्याला…” तो म्हणाला.

थांबला.

“त्याला मीठ द्या.”

आणि त्यानं हात सिस्टरांपुढं केला.

सिस्टरांनी दंडाला रबर बांधलं, शीर शोधली, पहिल्याच खेपेला सुई लावली. चिकटपट्टी दातांनी तोडली. नळीवरचं चाक त्यांनी फिरवलं आणि थेंब मोजू लागल्या. एक… दोन… तीन…

“भराभर सोडा,” विश्वंभर म्हणाला. “लागलंच आहे तर एकदाच काय ते होऊन जाऊ दे.”

“तेही चालत नाही. सत्त्याण्णव दिवस उतरत गेलेलं एका दिवसात चढवलं तर मेंदूला इजा होते. आज थोडं. उद्या थोडं. दवाखान्यात दिवसातून चारदा रक्त काढतील. मीठ सोडायचा हट्ट केलास तो केलास, आता घ्यायची घाई करू नकोस.”

“दहा तांबे पाणी?”

“मी सांगेन तेवढंच. वाटीनं.”

माणिकराव गाडीला वाट दाखवायला आवाराच्या फाटकाशी गेले. जाताना त्यांनी गोळ्यांची पाकिटं एकेक करून डब्यात भरली आणि डबा बुवांच्या हातात दिला.

पडवीत आता पाचसात माणसं उरली होती. बुवा अजून गुडघ्यांवरच होते. म्हातारी त्यांना उठवायला पुढं झाली, पण एकटीला जमेना.

विश्वंभर थेंबांकडं पाहत होता. बाटलीकडं पाहतच तो बोलला.

“मोडलं, बुवा. माझं व्रत मोडलं.”

रेवणबुवांनी भिंतीला हात लावला. म्हातारीचा खांदा धरून ते कसेबसे उठले. एक पाय पुढं टाकला, दुसरा ओढला, विश्वंभरच्या बाजूला घोंगडीपाशी आले.

“माझंही मोडलं,” ते म्हणाले. “सरक थोडा. मला बसू दे.”