कोटावरचा माइक

वक्ते माइकच्या वायरीत पाय अडकून धडपडायचे, त्या काळातली गोष्ट. उगलेशेठच्या कारखान्याने पहिला बिनवायरचा माइक बनवला आणि वर्धापनदिनाला तो शेठच्या कोटावर दिमाखात मिरवू लागला. कारखान्याचा सगळ्यात जुना, वायरीचा माइकही स्टेजवर मानाने उभा होता.

“ज्या कारागिरांनी हा कारखाना उभा केला, ते माझे देव!” शेठ गहिवरून म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठ पडद्याआड गेले. स्टँडपासून लांब गेलं की बोलणं आपल्यापुरतं, ही त्यांची जुनी सवय. कोटावरचा माइक बंद करायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

“उद्यापासून सगळे म्हातारे कारागीर घरी,” ते मॅनेजरच्या कानात कुजबुजले.

नव्या माइकने शब्द घशातच अडवले. “आजोबा, हे बाहेर सोडलं तर मी भंगारात जाईन हो!”

“तुझ्यासारखं फिरणं माझ्या नशिबात नव्हतं,” पडद्यापलीकडून जुना माइक म्हणाला, “पण कानावर पडलेलं मी कधी गिळलं नाही.”

नव्या माइकने श्वास सोडला आणि अडवलेले शब्द बाहेर पडले.

सभागृह चिडीचूप झालं.

“टाळ्या का रे थांबल्या?” शेठनी पडद्याआडून विचारलं.

तेही सगळ्यांना ऐकू गेलं.