हंड्यात कोंडलेला ओढा

एका राज्यात टेकडीवर राजा राहत होता, टेकडीखाली कुंभार राहत होते, आणि वरून खाली एक ओढा वाहत होता. राजाचं नाव दुर्जयसेन. त्याला टेकडीवर नवं नगर वसवायचं होतं आणि ओढा नेमका आड येत होता. तेव्हा दरबारातल्या कालकंठ मांत्रिकाने ओढ्याला शेपटाकडून धरलं, दोरासारखा गुंडाळला आणि तांब्याच्या हंड्यात कोंडून वर लाखेची मोहोर मारली. मोकळ्या झालेल्या पात्रावर सरदारांचे वाडे उभे राहिले. अंगणं, रस्ते, चौक, जिकडे तिकडे फरशी. गवताची काडी म्हणून ठेवली नाही.

मग पाऊस आला. त्याला काय, तो दरवर्षीसारखाच आला. पण मुरायला माती नाही आणि वाहायला ओढा नाही. सगळं पाणी पायऱ्या उतरून कुंभारवाड्यात शिरलं. भट्ट्या विझल्या, कच्ची मडकी विरघळून पुन्हा चिखल झाली. दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्याच्या तोंडावर राजाची दवंडी फिरली: "पाणी कुंभारवाड्यात साचतं, सबब नाला कुंभारांनीच खणावा. महिनाभरात न खणल्यास वस्ती खाली करावी."

आता याला न्याय म्हणायचं की काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

त्या वस्तीत बयजा नावाची कुंभारीण होती. कामाला वाघीण आणि तोंडाने फटकळ. चिखलाचे पाय न धुता ती तशीच दरबारात गेली.

"महाराज, नाला आम्ही एकटे खणणार नाही आणि घरंही सोडणार नाही," ती म्हणाली. "ज्याच्या छपरावर पाणी पडलं, त्याचं ते पाणी. ज्याने त्याने आपल्या वाट्याची माती उपसावी."

दरबार हसला. राजा म्हणाला, "पाण्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, बाई. तीन कामं कर. कोणतं पाणी कोणाचं, ते सिद्ध कर. ओढा शोधून काढ. आणि त्याला पुन्हा वाहता कर. नाही जमलं, तर महिना संपताच चालती हो."

"करते," बयजा म्हणाली.

घरी येऊन ती विझलेल्या भट्टीपाशी बसली. तिच्या भट्टीमागे एक टिटवी अंडी घालायची. तिचीही अंडी दोनदा वाहून गेली होती. टिटवी म्हणाली, "बयजाबाई, पुराने आणलेल्या गाळाची मडकी घडव. आपण कुठून आलो ते गाळाला माहीत असतं."

बयजाने तशी मडकी घडवली, भाजली आणि पुढच्या सरीला दारातल्या पाण्यात बुडवली. मडकी बोलू लागली. त्यातलं एक म्हणालं, "मी बयजाच्या अंगणाचं." ते तिने गुपचूप भट्टीआड दडवलं आणि बाकीची दरबारात नेऊन मांडली.

"मी सेनापतींच्या गच्चीचं," एक मडकं म्हणालं. "मी प्रधानजींच्या चौकाचं," दुसरं म्हणालं. आणि निम्मी मडकी एका सुरात म्हणाली, "आम्ही राजवाड्याची." दरबारात कोणी हसलं नाही.

मग टिटवीने तिला कालकंठाच्या तळघराची वाट दाखवली. दारात नाग बसला होता.

"कोण तू?"

"ओढ्याची खालची शेजारीण."

नागाचं वारूळही फरशीखाली गेलं होतं. तो बाजूला सरकला. बयजाने हंडा उचलून टेकडीवर आणला आणि मोहोर फोडली. ओढ्याने डोकं बाहेर काढलं, पण हलेना.

"मला उपटलं तेव्हा मी शाप दिलाय," ओढा म्हणाला. "ज्याचं पाणी त्याने सर्वांसमोर 'माझं' म्हणावं आणि आपल्या वाट्याची माती उचलावी. एक जरी उरला, तरी मी हलणार नाही."

सरदार कुरकुरले. पण मडकी काही गप्प बसेनात, चौकात दिवसभर एकेकाच्या नावाने ओरडत राहिली. शेवटी एकेक जण घमेलं घेऊन आला. सेनापतींना तर त्यांच्या बायकोनेच हाताला धरून आणलं.

ओढा तरी हंड्यातच. म्हणाला, "खालचं एक घर उरलंय आणि वरचं एक."

बयजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती घरी गेली आणि दडवलेलं मडकं घेऊन आली.

"हे पाणी माझं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "फुटकी खापरं टाकून, माती चोपायच्या धुमसाने ठोकून मी दरवर्षी अंगण उंच केलं आणि माझं पाणी शेजारच्या धोंडूच्या दारात लोटलं. चुकले मी. माझ्या वाट्याची माती मी उचलते."

एव्हाना पाऊस सुरू झाला होता. तिने पहिलं घमेलं उचललं आणि राजवाड्याकडे पाहिलं. "आता आपण, महाराज."

"राजा कोणाचा वाटेकरी नसतो," राजा सज्जातून म्हणाला.

"मग पावसाला सांगा, राजवाड्यावर पडू नकोस म्हणून."

राजाने कालकंठाला खूण केली. कालकंठाने मंत्र म्हटला, पण पाऊस पडतच राहिला. उलट कुंभारवाड्यात तुंबलेलं बेवारशी पाणी जागचं उठलं आणि मालकाला शोधत पायऱ्या चढू लागलं. एकेक पायरी चढून ते राजवाड्यात शिरलं, कालकंठाला खिडकीतून बाहेर घेऊन गेलं आणि सिंहासनाभोवती चढत राहिलं. राजा पाय वर घेऊन बसला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. धावून कोणी गेलं नाही, सगळ्यांच्या हातात घमेली होती.

बयजा दारात उभी राहिली. "आपल्यासाठीही एक आणलंय, महाराज."

राजाने पाण्यातून हात पुढे करून घमेलं घेतलं. मग म्हणाला, "माझं आहे हे पाणी."

पाणी उतरलं. ओढा हंड्याबाहेर आला आणि पात्रात उभे असलेले वाडे अलगद उचलून बाजूला ठेवत खाली निघाला. कुंभारवाडा जागचा हलला नाही.

पुढे महिनाभर सगळं नगर ओढ्याचं बुजलेलं पात्र खणून खोल करत होतं. राजाचं छप्पर सर्वांत मोठं, तेव्हा त्याचा वाटा सर्वांत शेवटी संपला. त्याने घमेलं खाली ठेवलं, पाठ सरळ केली आणि म्हणाला, "सुटलो एकदाचा."

"यंदापुरते, महाराज," बयजा म्हणाली. "दरवर्षी गाळ साचतो. पावसाळ्याआधी तो काढावा लागतो."

राजाने हातांवरचे फोड पाहिले. "माझा वाटा तेवढाच?"

"छप्पर तेवढंच आहे ना?"

राजाने मान हलवली आणि घमेलं धुवून ठेवायला घेतलं.