कोळिणीचे दोरे

फार पूर्वी, झाडं एकमेकांना नावाने हाक मारत तेव्हाची गोष्ट. एका रानात सात खारींच्या सात ढोल्या होत्या. जिने जे आणलं ते तिच्याच ढोलीत जाई. त्यामुळे 'झुबरीकडे काय आहे?' याचं उत्तर चटकन मिळे, पण 'बेहडा कोणाकडे आहे?' म्हटलं की सातही ढोल्या उपसाव्या लागत.

ते पाहून आठ पायांच्या एका कोळिणीने सात झाडांमध्ये जाळं विणलं. प्रत्येक फळाची एक गाठ, आणि ते जिथे जिथे असेल त्या ढोलीपर्यंत गाठीपासून दोरा. थोरल्या झुबरीने नाक मुरडलं. "हिच्याकडे एक बी नाही, आणि मिरवते केवढी."

एका सकाळी झुबरीच्याच पिल्लाला खोकल्याची उबळ आली, श्वास घेता येईना. कोळिणीने खोकल्यावरच्या बेहड्याचा दोरा दाखवला. झुबरी धावत गेली, तर ढोली रिकामी. ओल लागली म्हणून त्या ढोलीतल्या चिंगी खारीने फळं कालच हलवली होती, कोणालाही न सांगता.

"खोटारडी आहेस तू," झुबरी ओरडली.

कोळीण शांतपणे म्हणाली, "हलवलेलं मला कळलं नाही, झुबरीबाई. पण या गाठीला आणखी एक दोरा आहे. समोरच्या उंबराच्या ढोलीत बघा."

तिथे बेहडा होता. साल चघळता चघळता पिल्लाची छाती मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी झुबरी तोंडात हिरडा धरून आली. ढोलीकडे न वळता ती जाळ्यापाशी थांबली आणि हिरडा खाली ठेवून म्हणाली, "कोळीणबाई, आधी गाठ मारा. मग आत नेते."